दिलेल्या अक्षरांतून इंग्रजी शब्द शोधण्याची रीत

समोर सात अक्षरे आहेत आणि त्यांतून इंग्रजी शब्द काढायचे आहेत, असे म्हटले की नवखा माणूस लगेच अक्षरांची अदलाबदल सुरू करतो. हे पुढे, ते मागे, पहिले शेवटी, असे करता करता त्याला तीन-चार लहान शब्द सापडतात आणि मग तेच शब्द पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येऊ लागतात. यात त्याच्या शब्दसंग्रहाचा दोष क्वचितच असतो. बहुधा रीतच चुकलेली असते. सात वेगवेगळी अक्षरे एका ओळीत ५,०४० प्रकारे मांडता येतात, आणि दोन अक्षरांच्या मांडणीपासून सात अक्षरांपर्यंतच्या सगळ्या मांडण्या मोजल्या तर त्या १३,६९२ भरतात. एवढ्या मांडण्या कोणी तपासू शकत नाही आणि तपासण्याची गरजही नाही, कारण त्यांतील बहुतेक मांडण्या इंग्रजीत उच्चारताही येणार नाहीत. म्हणून हा ढीग चाळण्याआधी लहान करून घ्यावा लागतो. तो पायरीपायरीने कसा लहान करावा, हे पुढे सांगितले आहे.

या लेखात इंग्रजी अक्षरे त्यांच्या नावांनी आणि इंग्रजी शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. वाचकाने शेजारी कागद घेऊन प्रत्येक उदाहरण रोमन लिपीत लिहून पाहावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे, आणि तिला एक कारण आहे. देवनागरीत आपण जवळपास बोलतो तसेच लिहितो, त्यामुळे शब्द म्हणजे उच्चार असे आपल्या मनात पक्के बसलेले असते आणि अक्षरे पाहताना आपण नकळत त्यांचे ध्वनी जुळवू लागतो. इंग्रजीत ही सवय आडवी येते. राज्य करणे या अर्थाचा ‘रेन’ हा शब्द आर-ई-आय-जी-एन असा लिहितात आणि त्यातला जी कानाला कुठेच ऐकू येत नाही; ‘डाउट’मधला बी, ‘नाइफ’मधला के आणि ‘रिस्ट’मधला डब्ल्यू यांचीही तीच गोष्ट. अक्षरांतून शब्द शोधताना कानापेक्षा डोळ्यावर अधिक भिस्त ठेवावी लागते.

पुढील सर्व पायऱ्यांसाठी एकच अक्षरसंच घेऊ : एन, आय, आर, डी, ए, जी आणि ई.

पहिली पायरी : प्रश्न नेमका ओळखावा

एकाच अक्षरसंचावर निदान चार वेगवेगळे प्रश्न विचारता येतात आणि प्रत्येकाचे उत्तर वेगळे असते. पहिल्या प्रकारात केवळ दिलेली अक्षरेच वापरायची असतात आणि प्रत्येक अक्षर जितक्या वेळा दिले आहे त्याहून अधिक वेळा घेता येत नाही. काही अक्षरे शिल्लक राहिली तरी चालते. स्क्रॅबल या पटावर अक्षरांच्या सोंगट्या मांडून शब्द लावण्याच्या खेळात खेळाडूच्या हातातील सात सोंगट्यांबाबत हाच नियम असतो. विस्कटलेल्या अक्षरांचे कोडे ही याचीच कडक आवृत्ती असून तिथे एकही अक्षर शिल्लक ठेवता येत नाही. दुसऱ्या प्रकारात अक्षरे तीच, पण प्रत्येक अक्षर हवे तितक्या वेळा घेता येते. न्यूयॉर्क टाइम्सच्या ‘स्पेलिंग बी’ या खेळात सात अक्षरे असतात, शब्द किमान चार अक्षरांचा लागतो आणि मधोमध दिलेले अक्षर प्रत्येक शब्दात यावेच लागते. तिसऱ्या प्रकारात दिलेली अक्षरे शब्दात असली पाहिजेत एवढीच अट असते. इतर कोणतीही अक्षरे सोबत आली तरी हरकत नसते. चौथ्या प्रकारात काही अक्षरांची जागा ठरलेली असते, जसे शब्दकोड्यात किंवा ‘वर्डल’ या शब्द ओळखण्याच्या खेळात.

आपल्या संचावर हे पडताळून पाहू. ‘रीडिंग’ हा शब्द पहिल्या प्रकारात बसतो, कारण त्यात सातही अक्षरे एकेकदाच येतात. ‘गार्डनिंग’ या शब्दात जी आणि एन दोनदा येतात, म्हणून तो पहिल्या प्रकारात चालत नाही, पण दुसऱ्यात चालतो. ‘अंडरस्टँडिंग’ या शब्दात सातही अक्षरे आहेत, मात्र यू, एस आणि टी ही बाहेरची अक्षरेही आहेत, म्हणून तो फक्त तिसऱ्या प्रकारात चालतो. नवख्यांच्या बऱ्याच चुका शोधण्यात नसून या ओळखण्यात असतात. पहिल्या प्रकारात ‘अँगर्ड’ हा शब्द मांडून आनंदित झालेला माणूस त्यात ई दोनदा लागतो हे विसरलेला असतो.

दुसरी पायरी : अक्षरे लावून घ्यावीत

दिलेली अक्षरे ज्या क्रमाने समोर येतात तो क्रम मनात घर करतो आणि त्यामुळे इतर मांडण्या दिसेनाशा होतात. म्हणून सर्वांत आधी तो क्रम मोडावा. यासाठी दोन मांडण्या उपयोगी पडतात. एकीत स्वर एका बाजूला आणि व्यंजने दुसऱ्या बाजूला लिहावीत : ए, ई, आय इकडे, डी, जी, एन, आर तिकडे. दुसरीत सगळी अक्षरे वर्णक्रमाने लावावीत : ए-डी-ई-जी-आय-एन-आर. ही दुसरी मांडणी वरवर निरर्थक वाटते, पण सर्वांत अधिक काम तीच करते आणि तिच्याकडे आपण पाचव्या पायरीत परत येऊ. कोणतेही अक्षर दोनदा दिलेले असेल तर ते दोनदाच लिहावे आणि त्याखाली रेघ ओढावी.

स्वरांची संख्या पाहिली की पुढचा मार्ग ठरतो. तीन स्वर आणि चार व्यंजने हे सात अक्षरांसाठी फार सोयीचे प्रमाण आहे. स्वर एकच असेल तर लांब शब्दाचा हट्ट सोडून एका अवयवाचे, म्हणजे एकाच स्वरध्वनीचे, शब्द पाहावेत, आणि एकही स्वर नसेल तर वाय आहे का ते पाहावे, कारण इंग्रजीत वाय अनेकदा स्वराचे काम करतो. ‘जिम’, ‘मिथ’, ‘लिंक्स’, ‘क्रिप्ट’, ‘निंफ’ आणि सहा अक्षरांचा ‘रिदम’ या शब्दांत ए, ई, आय, ओ, यू यांपैकी काहीच नाही. उलट स्वरांचीच गर्दी असेल तर ‘ऑडिओ’, ‘अड्यू’ यांसारखे चार स्वरांचे पाचअक्षरी शब्द आठवावेत.

व्यंजनांत दुर्मिळ अक्षर कोणते हेही याच वेळी पाहावे. इंग्रजीत ई सर्वांत अधिक वेळा येतो, तर क्यू, झेड, जे आणि एक्स फार थोड्या शब्दांत सापडतात. स्क्रॅबलचे जनक आल्फ्रेड मॉशर बट्स यांनी १९३० च्या दशकात वर्तमानपत्रांतील मजकुरात कोणते अक्षर किती वेळा येते ते मोजून सोंगट्यांची वाटणी ठरवली होती. इंग्रजी संचातील १०० सोंगट्यांपैकी १२ सोंगट्या एकट्या ई च्या आहेत, तर क्यू आणि झेड यांची प्रत्येकी एकच सोंगटी असून तिला १० गुण आहेत. एस मात्र चारच ठेवले आहेत, कारण एस जोडून अनेकवचन करणे इतके सोपे आहे की ते जास्त असते तर खेळातली चुरस कमी झाली असती. एखाद्या पोतडीत कोणती अक्षरे किती आहेत, यावरून भाषेचा स्वभाव कळतो तो असा.

तिसरी पायरी : शेपूट वेगळे काढावे

लांब इंग्रजी शब्द बहुधा मूळ शब्दाला प्रत्यय किंवा उपसर्ग लागून झालेले असतात, म्हणून लांब शब्दाची शिकार शेपटाकडून करावी. आय-एन-जी, ई-डी, ई-आर, ई-एस-टी, एल-वाय, टी-आय-ओ-एन, एन-ई-एस-एस, एम-ई-एन-टी, ए-बी-एल-ई, ओ-यू-एस ही शेपटे पाठ असावीत. पुढच्या बाजूला आर-ई, यू-एन, डी-आय-एस, पी-आर-ई, ओ-यू-टी हे उपसर्ग पाहावेत. संचात यांपैकी जे जे बसते ते एकेक करून बाजूला काढून ठेवावे आणि उरलेल्या अक्षरांपुरताच विचार करावा.

आपल्या संचातून आय-एन-जी बाजूला काढले की ए, डी, ई, आर ही चारच अक्षरे उरतात. चार अक्षरांच्या मांडण्या २४ असतात आणि त्या नजरेखालून घालणे अवघड नाही. ‘रीड’, ‘डिअर’, ‘डेअर’ हे शब्द लगेच दिसतात. ‘रीड’ला शेपूट जोडले की ‘रीडिंग’ होते. ‘डेअर’च्या शेवटचा ई प्रत्यय लागताना गळून पडतो, म्हणून त्यापासून सहा अक्षरांचा ‘डेअरिंग’ मिळतो आणि ई शिल्लक राहतो. हा गळणारा ई कायम ध्यानात ठेवावा.

आता आय-एन-जी परत ठेवून ई-डी बाजूला काढू. ए, जी, आय, एन, आर ही पाच अक्षरे उरतात आणि त्यांतून ‘ग्रेन’ हा शब्द होतो, म्हणजे ‘ग्रेन्ड’ हा दुसरा सातअक्षरी शब्द मिळाला. यातला जी सोडला तर ‘रेन्ड’, आर सोडला तर ‘गेन्ड’. मूळ शब्द ई ने संपत असेल तर नुसता डी जोडावा लागतो. त्या वाटेने ‘रेंज’पासून ‘रेंज्ड’ मिळतो. पुढून आर-ई काढले तर उरलेल्या ए, डी, जी, आय, एन यांत ‘गेन’ आहे, म्हणून ‘रीगेन’ हा सहाअक्षरी शब्द तयार होतो. एका शेपटाने शब्द दिला की तेवढ्यावर थांबू नये, कारण दुसरे शेपूट अगदी वेगळेच शब्द देते, हे या उदाहरणातून दिसते.

चौथी पायरी : जोड्या पाहाव्यात

सगळेच शब्द शेपटाने पकडता येत नाहीत. ‘गार्डन’ किंवा ‘डेंजर’ या शब्दांना वेगळे काढता येईल असे शेपूट नाही. अशा वेळी अक्षरांच्या जोड्या कामी येतात. इंग्रजीत काही व्यंजने एकमेकांशेजारी सहज बसतात आणि त्यांच्या जागाही बऱ्याचशा ठरलेल्या असतात. आपल्या संचात आरंभी येणाऱ्या जोड्या जी-आर आणि डी-आर या आहेत. शेवटी येणाऱ्या जोड्या एन-डी, एन-जी, आर-डी आणि जी-एन या आहेत. जी-आर धरला की ‘ग्रिन’, ‘ग्रिड’, ‘ग्रेड’, ‘ग्रँड’, ‘ग्राइंड’ मिळतात. डी-आर धरला की ‘ड्रॅग’, ‘ड्रेन’. एन-जी शेवटी ठेवला की ‘रिंग’, ‘रँग’, ‘डिंग’. आणि जी-एन शेवटी ठेवला की मघाचा न ऐकू येणाऱ्या जी चा ‘रेन’ व त्याच वळणाचा डी-ई-आय-जी-एन हा शब्द मिळतो. हे शेवटचे दोन शब्द ध्वनीच्या मागे लागणाऱ्याला सहसा सापडत नाहीत.

एच हाती असेल तर त्याच्या आधी सी, एस, टी, पी, डब्ल्यू किंवा जी बसवून पाहावा. के असेल तर सी सोबत घ्यावा, पण सी-के ही जोडी इंग्रजी शब्दाच्या आरंभी येत नाही. व्ही आणि जे यांना शेवटी उभे राहायला आवडत नाही. ‘गिव्ह’, ‘हॅव’, ‘लिव्ह’ यांच्या शेवटी ई येतो तो म्हणूनच. क्यू आला की यू शोधावा हे सर्वांनाच माहीत असते, पण यू नसला तरी निराश होऊ नये. ‘ची’ असा उच्चार होणारा क्यू-आय, क्यू-ए-टी, क्यू-ए-आय-डी आणि एफ-ए-क्यू-आय-आर हे शब्द खेळांच्या शब्दयाद्यांत मान्य आहेत. त्यांतील शेवटचा आपला ओळखीचा ‘फकीर’च आहे. इतर भाषांतून इंग्रजीत गेलेल्या अशा शब्दांवर इंग्रजी शेपटांचा आणि जोड्यांचा नियम चालत नाही, म्हणून ते वेगळे पाठ करावे लागतात. आपल्या संचातही असे दोन पाहुणे आहेत : ‘नझीर’ या अरबी शब्दापासून आलेला ‘नेडिर’ आणि चलनाचे नाव असलेला ‘दिनार’. ‘ड्रेन’ची पाच अक्षरे फिरवली की हे दोन्ही शब्द हाती येतात.

पाचवी पायरी : किल्ली वापरावी

आता वर्णक्रमाने लावलेल्या मांडणीकडे वळू. कोणत्याही शब्दाची अक्षरे वर्णक्रमाने लावली की जी अक्षरमाला मिळते तिला स्क्रॅबलचे खेळाडू अल्फाग्रॅम म्हणतात. मी तिला शब्दाची किल्ली म्हणतो. दोन शब्द एकाच अक्षरांचे बनलेले असतील तर त्यांची किल्ली हुबेहूब सारखीच असते. ‘गार्डन’ची किल्ली ए-डी-ई-जी-एन-आर आहे. ‘डेंजर’ची तीच, ‘गँडर’ची तीच आणि ‘रेंज्ड’चीही तीच. एक किल्ली लक्षात ठेवली की एकदम चार शब्द हाताशी राहतात.

किल्लीमुळे काम किती हलके होते ते आकड्यांतच पाहण्यासारखे आहे. सात वेगवेगळ्या अक्षरांच्या मांडण्या १३,६९२ असल्या, तरी क्रम विसरून केवळ कोणती अक्षरे निवडली एवढेच पाहिले, तर दोन ते सात अक्षरांचे गट फक्त १२० होतात : दोन अक्षरांचे २१, तीनचे ३५, चारचे ३५, पाचचे २१, सहाचे ७ आणि सातचा १. सहा अक्षरांचे सात गट म्हणजे प्रत्येक वेळी एक अक्षर झाकून उरलेल्यांकडे पाहणे, इतके ते सोपे आहे. आय झाकला की ‘गार्डन’चा गट मिळतो. डी झाकला की ‘रीगेन’ आणि ‘गेनर’ मिळतात. ए झाकला की ‘रिंग्ड’ मिळतो. जी झाकला की ‘रेन्ड’, ई झाकला की ‘डेअरिंग’, आर झाकला की ‘गेन्ड’. एन झाकल्यावर मात्र नेहमीच्या वापरातला सहाअक्षरी शब्द हाती लागत नाही. तिथे वेळ न दवडता पाच अक्षरांकडे वळावे. एक-एक अक्षर झाकून पाहण्याची ही क्रिया मला सर्वांत भरवशाची वाटते, कारण तिच्यात काही राहून गेले की नाही हे आपले आपल्याला सांगता येते.

याच्या उलट क्रियाही तितकीच कामाची आहे : संचात बाहेरचे एक अक्षर टाकून पाहावे. स्क्रॅबलमध्ये पटावर आधीच असलेल्या अक्षराला धरून शब्द लावायचा असतो आणि सातही सोंगट्या एका फेरीत लावल्या तर ५० गुण जास्तीचे मिळतात, म्हणून आठ अक्षरांचे शब्द माहीत असणे मोलाचे ठरते. ‘रीडिंग’च्या सात अक्षरांत एच टाकला की ‘अ‍ॅडहिअरिंग’ होतो. टी टाकला की ‘ट्रेडिंग’, म्हणजे पाय ठेवण्याच्या अर्थाचा टी-आर-ई-ए-डी-आय-एन-जी, आणि ‘ग्रेडिअंट’ असे दोन शब्द होतात. डी टाकला की ‘ड्रेडिंग’, ई टाकला की ‘रीगेन्ड’, बी टाकला की दाढीवरून आलेला ‘बिअर्डिंग’, वाय टाकला की ‘रेडीइंग’, एल टाकला की ‘ड्रॅगलाइन’. कोरी सोंगटी हाती असते तेव्हा नेमके हेच करायचे असते, कारण ती २६ अक्षरांपैकी कोणतेही होऊ शकते.

शब्दात अक्षरे ‘असली पाहिजेत’ तेव्हा

तिसऱ्या प्रकारच्या प्रश्नात रीत उलटी होते. तिथे अक्षरे कमी आणि शक्यता फार असतात. अमुक तीन अक्षरे असलेले शब्द द्या, असे म्हटले तर सर्वांत दुर्मिळ अक्षर आधी पकडावे आणि ते अक्षर असलेले शब्द आठवून त्यांत बाकीची अक्षरे आहेत का ते पाहावे. एक्स आणि क्यू दोन्ही हवे असतील तर ‘एक्सक्विझिट’ आणि ‘एक्सचेकर’ मिळतात. क्यू आणि झेड हवे असतील तर ‘क्विझ’, ‘क्वार्ट्झ’, ‘स्क्वीझ’. पी, एच आणि वाय हवे असतील तर आधी ग्रीक वळणाच्या शब्दांकडे जावे : ‘फिजिक्स’, ‘जिऑग्रफी’, ‘सिंफनी’, ‘सिंपथी’, ‘सायकॉलॉजी’, ‘हायफन’. मग ‘हॅपी’सारखा साधा शब्द आठवतो आणि इतका वेळ तो कसा सुटला याचे आश्चर्य वाटते, दूरचे पाहताना जवळचे राहून जाणे या प्रकारात फार घडते. पाचही स्वर हवे असतील तर ‘एज्युकेशन’, ‘इक्वेशन’, ‘कॉलीफ्लॉवर’ आणि सातच अक्षरांचा ‘सेक्वोया’ हे शब्द आहेत. ‘फसीशस’ आणि ‘अ‍ॅबस्टीमिअस’ यांत तर ते ए, ई, आय, ओ, यू अशा क्रमानेच येतात.

अक्षरे सलग हवी असतील आणि ती जोडी अशक्य वाटत असेल, तर जोडशब्दांचा सांधा तपासावा. दोन एच शेजारी कसे येतील, असे वाटते. पण ‘विथहोल्ड’ आणि ‘हिचहाइक’ यांच्या सांध्यावर ते आहेत. ‘बुककीपर’मध्ये दोन ओ, दोन के आणि दोन ई अशा तीन जोड्या एकापाठोपाठ येतात. ‘ऑकवर्ड’मध्ये डब्ल्यू-के-डब्ल्यू अशी रचना आहे, आणि ‘एट्थ’ या क्रमवाचक शब्दात जी-एच-टी-एच ही चार व्यंजने रांगेत उभी आहेत.

जागा ठरलेली असेल तेव्हा

जोश वॉर्डल यांचा ‘वर्डल’ हा खेळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वांसाठी खुला झाला आणि जानेवारी २०२२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने तो विकत घेतला. पाच अक्षरांचा शब्द सहा प्रयत्नांत ओळखायचा असतो. हिरवा रंग म्हणजे अक्षर बरोबर आणि जागाही बरोबर, पिवळा म्हणजे अक्षर आहे पण या जागी नाही, आणि करडा म्हणजे ते अक्षर नाही. यात पिवळ्या रंगाचा अर्धा अर्थ बरेच जण वाया घालवतात : अक्षर आहे एवढे ते लक्षात ठेवतात, पण ते कुठे नाही हे विसरतात.

समजा तिसऱ्या जागी आय पक्का आहे, आर आणि एन शब्दात आहेत, आर पहिल्या जागी नाही आणि एन शेवटच्या जागी नाही. कागदावर पाच चौकटी काढाव्यात, तिसरीत आय लिहावा आणि आर ला एकेका मोकळ्या चौकटीत ठेवून पाहावे. आर दुसऱ्या चौकटीत आणि एन चौथ्या चौकटीत ठेवला की ‘ब्रिंग’, ‘ब्रिंक’, ‘ड्रिंक’, ‘प्रिंट’, ‘ग्राइंड’, ‘ब्राइन’ आणि डब्ल्यू ने सुरू होणारा ‘रिंग’ असे शब्द रांगेने येतात. आर चौथीत ठेवला तर सी-ए-आय-आर-एन हा शब्द सुचतो, पण त्यात एन शेवटी आहे म्हणून तो बाद. ‘रुइन्स’ आर ने सुरू होतो म्हणून बाद. आता पुढचा प्रयत्न करताना थेट ‘ड्रिंक’ लिहिण्याऐवजी ज्यात बी, डी, के, टी, जी यांपैकी अधिकात अधिक अक्षरे एकदम तपासली जातील असा शब्द लिहिणे शहाणपणाचे असते. एकच अक्षर दोनदा असू शकते, हेही शेवटपर्यंत ध्यानात असू द्यावे.

संगणकाची मदत

हाताने शोधण्याची सवय झाल्यावर साधने वापरावीत. आधी वापरली तर शब्द मिळतात, पण दृष्टी तयार होत नाही. शब्द शोधून देणाऱ्या संगणकीय साधनांत साधारणपणे चार रकाने असतात : अमुक अक्षरांनी सुरू होणारे, अमुक अक्षरांनी संपणारे, अमुक अक्षरे असलेले आणि अमुक अक्षरे नसलेले. बहुतेक ठिकाणी प्रश्नचिन्ह एका अज्ञात अक्षरासाठी आणि तारका कितीही अक्षरांसाठी वापरतात. म्हणजे जी-एच-टी सलग असलेले सगळे शब्द हवे असतील तर आधी तारका, मग ती तीन अक्षरे आणि पुन्हा तारका असे लिहावे.

शब्दांची यादी साध्या मजकूर फाइलमध्ये किंवा स्प्रेडशीटमध्ये असेल तर ‘अमुक अक्षर असलेले’ ही गाळणी एकापाठोपाठ एक लावावी. प्रत्येक गाळणीनंतर उरलेल्या यादीवरच पुढची लावायची असते. युनिक्स या संगणक प्रणालीत १९७३ पासून असलेली, केन थॉम्प्सन यांनी लिहिलेली ‘ग्रेप’ ही मजकुरात शोध घेणारी आज्ञाही अशीच साखळीने वापरता येते. यात एक फट आहे. ई असलेले शब्द निवडले आणि त्यांतून पुन्हा ई असलेले निवडले, तरी दोन ई असलेले शब्द वेगळे निघत नाहीत, कारण एकच ई दोन्ही गाळण्यांतून पार होतो. दोन ई हवे असतील तर वर सांगितलेल्या शब्दशोधक साधनांत तारका, ई, तारका, ई, तारका असा एकच नमुना द्यावा लागतो.

मिळालेला शब्द पडताळावा

साध्या शब्दकोशात ‘रेंज्ड’ स्वतंत्र नोंद म्हणून बहुधा सापडणार नाही, कारण कोशात मूळ रूप देतात. तो ‘रेंज’खाली पाहावा लागतो. म्हणून सॉफ्टवेअरसाठी यादी निवडताना तिच्यात अनेकवचने आणि भूतकाळाची रूपे आहेत की नाहीत ते आधी पाहावे. स्क्रॅबलच्या स्पर्धांसाठी दोन अधिकृत शब्दयाद्या प्रचलित आहेत : अमेरिका आणि कॅनडा येथे एक, तर इतर बहुतेक इंग्रजी स्पर्धांत कॉलिन्स या कोश काढणाऱ्या प्रकाशनसंस्थेची दुसरी आणि त्याहून मोठी. दोहोंतही दोन अक्षरांचे शंभराहून अधिक शब्द आहेत आणि नवख्याने पहिल्या महिन्यात तेवढेच पाठ केले तरी फरक जाणवतो. विशेषनामे, संक्षेप आणि मध्ये जोडरेघ असलेले शब्द खेळांत चालत नाहीत. ब्रिटिश आणि अमेरिकी स्पेलिंगमध्ये अक्षरांची संख्याच बदलते, उदाहरणार्थ ‘कलर’मधला यू, तेव्हा कोणते वळण मान्य आहे हे सुरुवातीलाच विचारून घ्यावे.

शेवटी सरावासाठी एक संच देतो : आर, सी, ए, एन, टी, ई, आय. वरच्या पायऱ्यांनी जाऊन वाचकाने आधी स्वतः प्रयत्न करावा आणि मगच पुढे वाचावे. आय झाकला की ‘नेक्टर’, ‘ट्रान्स’, ‘रिकँट’ आणि ‘कँटर’ मिळतात. सी झाकला की ‘रिटेन’ आणि ‘रेटिना’. आय आणि एन दोन्ही झाकले की ‘रिअ‍ॅक्ट’, ‘क्रेट’, ‘ट्रेस’ आणि ‘केटर’ हे एकाच किल्लीचे चार शब्द आणि त्यांच्यासोबत सी-ए-आर-ई-टी हा पाचवा. सातही अक्षरे लागणारा शब्द कोणत्याच शेपटाने पकडता येत नाही. त्यासाठी टी-ए-आय-एन ही चार अक्षरे शेवटी ठेवून पाहावीत. पुढे सी-ई-आर उरतात आणि ‘सर्टन’ तयार होतो.